आष्टीचा एक तास

जालन्यात माणूस मेला तर आष्टीत तो आणखी तासभर जगायचा. खोटं वाटत असेल, तर आमच्या बियाणे कंपनीच्या आष्टीच्या गोदामातलं मशीन बघायला यायचं होतं. जालन्याच्या हापिसात लिहिलेल्या प्रत्येक नोंदीची नक्कल या मशीनवर उतरायची. तिकडचं बंद पडलं तर काम अडू नये म्हणून. पण उतरायची तासाभरानं. एका कारकुनाला जालन्यात कामावरून काढला, तर पठ्ठ्या मोटारसायकलवर सुसाट आष्टीला आला, आणि इथं तो अजून नोकरीत होता म्हणून कंपनीचा चहा पिऊन गेला. तो चहा मीच दिला. मी बदरोद्दीन, गोदामाचा रखवालदार.

हा तास हापिसाला भलताच गोड लागला होता. शेठचा भाचा अंगद काही ना काही चुकीचं पुसून बसायचा. मंग इकडं फोन. मशीन सांभाळणारा जीशान वायर उपटायचा आणि चूक वाटेतच मरायची. त्या जिवावर शेठनं रोजची वेगळी प्रत काढायचा खर्चही बंद केला. जीशाननं सांगून बघितलं, की नक्कल म्हणजे राखीव प्रत नव्हे. शेठ म्हणाले, दोन ठिकाणी असताना तिसरं कशाला.

तास नडायचा तो वंदनाला. ती आमची वाण काढणारी. गोदामामागं तिच्या मिरचीच्या झाडाझाडाला नुसता नंबर बांधलेला; कुणाची आई कोण, बाप कोण, ते सगळं मशीनमध्ये. कागद ठेवायला शेठची मनाई. आठ वर्षं खपून, पानं आकसून टाकणारा बोकड्या रोग न पडणारी एक मिरची तिच्या हाताशी आल्ती. आईबाप ठाऊक नसले तर संकराचं बी पुन्हा करता येत न्हाई, नोंदणी तर लांबच. ती प्लॉटवरून मोबाईलवर नोंद करायची, ती जालन्याला जायची, आणि गोदामात येऊन बघावं तर मशीनवर शिळी माहिती. तिनंच जीशानला गळ घातली.

जीशाननं दुखणं शोधलं. आलेला माल घटकाभर ठेवायची मशीनच्या मेमरीतली जागा चिमणीच्या चोचीएवढी होती. ती भरली की जालन्याला ताटकळावं लागायचं.

"चाचा, माकड बघा," तो मला म्हणाला. "मिळंल ते गालफडात कोंबतं, चावतं नंतर. आपल्या मशीनला गालफडंच न्हाईत."

मंग तो गालफडं वाढवत बसला. थोडी वाढवायची, बघायचं. जास्त झाली की मशीनलाच धाप लागायची, मंग कमी करायची. एक दिवस जमलं. जालन्यात बोट उठायच्या आत आष्टीत अक्षर उमटू लागलं. वंदनानं आम्हाला गरम भजी खिलवली. जीशाननं अंगदला फोन करून बजावलं, की आता पुसलं ते पुसलं. अंगद हो हो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात अंगदनं जागा मोकळी करायला जुन्या चाचण्या पुसायला घेतल्या, आणि पुसली वंदनाची मिरची. सवयीनं फोन आला, जल्दी वायर काढ. जीशाननं काढली आणि मशीनसमोर बसला. वंदना दारात उभी होती.

"काय राह्यलं?"

"काहीच न्हाई, ताई. बराबर पोचलं."

शेठ गाडी घेऊन आले. कुणी पुसलं हे त्यांनी विचारलं न्हाई. मशीन जोरात कुणी केलं, हे विचारलं.

"मामा, पयले असं कधी झाल्तं का?" अंगद म्हणाला. "यानं हात लावला अन् झालं."

वंदना म्हणाली, मी सांगितलं म्हणून त्यानं केलं. शेठनं तिच्याकडं बघितलंही न्हाई. गालफडं होती तेवढी करायचा हुकूम झाला. जीशाननं केली. तास परत आला. आता जालन्यातलं काहीच नसणं आष्टीत तासाभरानं येऊन पोचतं.

प्लॉट मोकळा करायला सांगितलं. मिरची तोडून आष्टीच्या बाजारात नेली. तोलायला वंदना स्वतः बसली. उषाबाई म्हणून एक शेतकरीण थांबली. तिनं एक मिरची मोडली, जिभेला लावली, डोळे पुसले.

"बाई, असली मिरची जन्मात पाहिली न्हाई. कोणतं वाण हे?"

वंदनानं काट्यावरची मिरची तिच्या पिशवीत ओतली.

"गावरान," ती म्हणाली.