नागुबाई-१

जो विषाणू शोधतो, त्यानंच त्याचं नाव ठेवायचं, अशी या विद्येत रीत आहे. म्हणून नांदेडला संशोधन करणाऱ्या लुंबिनीनं आपल्या विषाणूचं नाव ठरवूनच टाकलं होतं: नागुबाई-१. नागुबाई तिची आई. हदगावहून गोठ्यामागच्या नालीचं पाणी डब्यात भरून, एसटीत मांडीवर धरून तिनंच आणलं होतं. त्या घाण पाण्यातच हा निघाला. दुधातल्या सालमोनेला नावाच्या घातक जंतूला तो बरोबर हुडकायचा आणि चिकटायचा, दुसऱ्या कुणाच्या वाटेला जायचा नाही. लुंबिनीनं तो कागदाच्या पट्टीवर बसवला. जंतू असलेल्या दुधात पट्टी बुडवली की निळी रेघ उमटायची.

नागुबाई डबा घेऊन आली त्या दिवशी लुंबिनीचे मार्गदर्शक शेषेराव सर तिच्या हातची भाकरी अन् ठेचा मिटक्या मारत जेवले होते. "आई, सापडला तर तुमचंच नाव देऊ," म्हणाले होते. पुढं नोंदणीचा अर्ज लुंबिनीनं भरला, फक्त नावाचा रकाना सोडला. "तो मी भरतो," सर म्हणाले. मार्गदर्शकावर संशय घेतं कोण?

विषाणूचं नाव लातूरच्या परिषदेत जाहीर व्हायचं होतं. नागुबाई बुद्धवंदनेला नेसायची पांढरी साडी नेसून आली, तिसऱ्या रांगेत बसली. सरांनी माईक हातात घेतला.

"सादर आहे, सिंधुमाता-१!"

सिंधुमाता म्हणजे सरांचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मातोश्री. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते आणि सरांची प्राचार्यपदाची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. लुंबिनीनं चार वर्षं ज्याला गुरू मानलं, त्यानं केसानं गळा कापला होता. तरी मंचावर प्रात्यक्षिकाला उभ्या तिनं सवयीनं पट्टी दुधात बुडवली. निळी रेघ उमटली, टाळ्या पडल्या.

"सापडला कुठं हा?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपल्याच प्रयोगशाळेत, साहेब," सर म्हणाले.

नागुबाई उठून उभी राहिली. "न्हाई जी. आमच्या गोठ्याच्या नालीत. डबा म्याच आणला व्हता, सरला ठावं हाय की."

सरांनी ओळखदेख नसल्यासारखं पाहिलं. "ओ बाई, खाली बसा."

गरज सरली होती. लुंबिनीनं मंचावरून उतरून आईचा हात धरला आणि दोघी बाहेर पडल्या.

"मी तक्रार करते, आई. तुझं नाव लावूनच घेते."

"कर. पर नावाचं मला काई न्हाई गं. नालीतल्या किड्याला माझं नाव म्हणल्यावर लई हसले व्हते मी." नागुबाईनं पदरानं डोळे पुसले. "भाकर खाताना त्यानं मला आई म्हणलं व्हतं."