पुलाचा जीव सांध्यात

शिनोलीच्या ओढ्यावरचा पायी जायचा लोखंडी पूल वृषालीने आखला होता, आणि ही गोष्ट तिच्या वडिलांनी, सावळारामांनी, घोडेगावच्या एसटी स्टँडपर्यंत कुणाला सांगायची बाकी ठेवली नव्हती. पोरगी पुण्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर पूल उभे करते, ही काय चेष्टा आहे? आज तर तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पलीकडच्या रानात पाणी न्यायला त्यांनी सहा इंची पाइप पुलाखाली टांगला होता आणि मोटरचं बटण पहिल्यांदा तिनेच दाबायचं होतं.

तिने दाबलं. पाइप गुरगुरला, पाणी पलीकडे पडलं, सावळाराम हरखले. वृषाली सहज म्हणून पुलाखाली डोकावली आणि तशीच वाकून बघत राहिली.

पाइप टांगायचे लोखंडी आकडे दोन सांध्यांच्या बरोबर मधोमध, खालच्या बारीक अँगलला अडकवले होते. अँगल बोटभर खाली झुकला होता.

कॉम्प्युटरवर पूल मांडताना प्रत्येक अँगल कोणत्या जातीचा, हे आधी सांगावं लागतं. ट्रसचा म्हटला की तो फक्त ओढ आणि दाब जाणतो, वाकणं त्याच्या गावीही नसतं. बीमचा म्हटला तर वाकणंही मोजलं जातं. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं होतं, "बीम घ्यायचा का?" तिने झटकन सांगितलं होतं, "कशाला, सर? वजन सांध्यांवरच येणार." पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होतं. मधोमध पाण्याचा पाइप लोंबेल हे तिच्या मनात आलं नाही, आणि तिच्या मनात न आलेलं कॉम्प्युटरला कोण सांगणार?

"आबा, मोटर बंद करा."

"आत्ता कुठं लाइट आली," ते म्हणाले. पण तिचा चेहरा पाहून त्यांनी बटण दाबलं. काही उपयोग झाला नाही. विहिरीतल्या फुटव्हॉल्व्हने, पाणी मागे न सोडणाऱ्या झडपेने, ते पाइपातच धरून ठेवलं. सगळं वजन होतं तिथंच राहिलं.

तेवढ्यात पलीकडून तिची आई, साळुबाई, डोक्यावर गवताचा भारा घेऊन पुलावर आली. मागोमाग मेंढपाळ चिमाजीची मेंढरं.

"चिमाजीमामा, मेंढरं अडवा," वृषाली ओरडली.

"आता कुठं थांबत्यात?" चिमाजी पलीकडून म्हणाला. "पुढचं निघालं की समदी निघत्यात."

साळुबाई पुलाच्या मध्यावर थांबली. पोरगी का ओरडते ते तिला कळेना. वृषालीला धावत जाऊन आईला ओढून आणावंसं वाटत होतं, पण आपलंही वजन त्या अँगलवर घालायची तिची छाती झाली नाही. ती घाबरली होती, आणि घाबरली म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली.

"आई, थांबू नको," ती जमेल तेवढ्या शांत आवाजात म्हणाली. "सरळ चालत ये."

साळुबाई आली. मेंढरं आली, एकमेकांना ढकलत, शंभरेक तरी. लोखंड एकदा करकरलं. शेवटी चिमाजी आला आणि अजून मेंढरं अडवायची का म्हणून हसला. तोवर वृषाली काठावर बसून पुलाखाली बघत होती.

अँगल आता दोन बोटं झुकला होता.

"आबा, मधोमध का हो टांगलात? सांध्याला टांगला असता तर काही झालं नसतं."

सावळाराम गोंधळले. "फिटर सांध्यालाच लावीत व्हता. मीच नको म्हनलं." ते तिच्याजवळ बसले. "तूच बोलली व्हतीस ना, पुलाचा समदा जीव सांध्यात हाय, सांध्याला कुनाला हात लावू देऊ नका. ध्यानात ठेवलं व्हतं मी."

तिला रागावता आलं नाही. तिने वाट अडवायला पुलाच्या तोंडाशी काट्या लावून घेतल्या, पाइप खोलून पाणी सोडायला सांगितलं. आबा नट खोलायचे पाने आणायला गेले.

याच नमुन्याच्या आणखी तीन पुलांचे नकाशे तिने ऑफिसातून पाठवले होते. ते कुठल्या गावांना गेले, हे ती आठवत बसली. एकाही गावाचं नाव तिला सांगता येईना.