हिरवी केलेली भट्टी

मी संगणकातली भट्टी बोलतेय, आणि आज मी गोड बोलणार नाही.

खरी भट्टी शेजारच्या शेडमध्ये आहे. तिच्यात वाळू वितळून काच होते, वाहत पुढे जाते आणि खिडक्यांची सपाट काच बनते. पण आत डोकावणार कोण? म्हणून इंजिनिअर आश्लेषाने मला घडवलं. श्रीवर्धनच्या बागायतदारांची ही मुलगी माझ्यासाठी आठ महिने खपली. विटांची जाडी, काचेचा दाटपणा, सगळं तिने मला शिकवलं. काच कुठे रेंगाळते, कुठे तापते, ते मी पडद्यावर रंगांत दाखवू लागले. लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे ठीक. किती अंशांना कुठला रंग, ते पडद्याच्या कडेची रंगपट्टी ठरवायची.

गेल्या पौषात माझी डावी भिंत लाल झाली. तापलेली काच तिथल्या विटा खात होती. भट्टीवरचा म्हसळ्याकडचा हिरामणही तेच सांगत होता, "मॅडम, डाव्या भित्तीकडं उभं ऱ्हावत न्हाय."

नेमके तेव्हाच मोठे पाहुणे यायचे होते. व्यवस्थापक विश्वंभरराव म्हणाले, "एवढं लाल बरं दिसत नाही. रंगपट्टी जरा ताणा."

"सर, रंग बदलेल, भिंत थंड होणार नाही," आश्लेषा म्हणाली.

"पाहुणे गेले की पूर्ववत करा."

आश्लेषाने पट्टीचं वरचं टोक तीनशे अंशांनी चढवलं. आकडे तेच, आणि मी मात्र नखशिखांत हिरवी! शरमेने मेले मी. पाहुणे टाळ्या वाजवून गेले, पट्टी तशीच राहिली. आश्लेषा चक्क विसरली. ते मी तिला माफ केलेलं नाही.

आठ दिवसांनी हिरामणने फोरमन शिवदासला विचारलं, "हिरवं हाय न्हवं?"

"हिरवंच आहे, जा."

माझ्या भरवशावर तो डाव्या भिंतीशी गेला. वीट फुटली आणि धगधगती काच त्याच्या पायावर आली. पाय घोट्यापासून कापावा लागला.

आता अहवालात लिहिलंय, 'संगणकाचा अंदाज चुकला.' मी चुकले? निर्लज्जांनो, माझं तोंड तुम्ही रंगवलंत! हिरामणची बायको कमळ हिलाही हेच सांगितलं. ती इथे येऊन माझ्या पडद्यावर थुंकली. विश्वंभरराव शेजारीच उभे होते, त्यांनी रुमालाने पडदा पुसला.

अहवालावर फक्त आश्लेषाची सही व्हायची आहे. सही झाली की मला कायमचं पुसणार आहेत. सकाळपासून ती पेन हातात धरून माझ्यासमोर बसली आहे.

आश्लेषा, रडणं पुरे. पट्टी खाली आण, कमळला इथे खुर्चीवर बसव आणि त्या दिवसाची लाल भिंत दाखव. स्वतःची चूकही सांग. मग मला खुशाल पुसून टाक.