दारावरची दोन भोकं

"दत्ता, स्वल्प सरक की बाजूला! पाहुण्यांना कपाट दिसू दे!"

सूर्यकांत खेकसला तसा मी सरकलो. खिशातली पितळी पाटी मांडीला टोचत होती आणि मला हसू आवरत नव्हतं.

सूर्यकांत चामराजपेटातला माझा शेजारी. बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये पंचवीस वर्षं त्यानं लोखंडी कपाटं केली. पत्रा वाकवणार हा, रंग मारणार हा, आणि घेणारा घरी जाऊन सांगणार, "गोदरेज आणलं!" आमच्या गल्लीत लोखंडी कपाटाला दुसरं नावच नव्हतं. मी तर भर रस्त्यात ओरडायचो, "काय गोदरेजशेठ!" तो हसायचा, पण नुसत्या ओठांनी.

ब्याण्णव साली पोरीच्या, अनुषाच्या लग्नासाठी कपाट केलं, तेव्हा मात्र त्यानं पाटी कोरून आणली. 'सूर्यकांत, बेंगळूर'. जन्मातली पहिली. व्याह्यांनी वाचावी म्हणून दारावर दोन स्क्रूंनी बसवली.

रुखवत मांडताना मी ती हळूच काढली. तो शोधणार, बोंबलणार, मग मी ती लाडवांच्या ताटातून काढणार. एवढाच बेत.

येलहंक्याचे व्याही, नरसिंहराव, दार उघडून-लावून बघत होते. "फस्क्लास गोदरेज हो अण्णा! कुणाकडचं?"

"नाव आहे की दारावर. हे बघा..."

सूर्यकांतचं बोट भोकांवर थांबलं.

"पाटी काढलेली दिसते," नरसिंहराव हसत म्हणाले. "जुनंबिनं नाही ना घेतलंत?"

सूर्यकांतनं पटकन भोकांवर तळहात ठेवला. "छे छे! नवं कोरं. गोदरेजच. दुकानातनं आणलंय."

"सरी, सरी!" व्याही खूश.

आता खिशातून पाटी काढली असती, तर तो व्याह्यांपुढं खोटा पडला असता. मी लाडू खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पाटी द्यायला गेलो.

"असू दे तुझ्याकडंच," तो म्हणाला. "आता कुठं लावू?"

सत्त्याण्णवला सूर्यकांत गेला. तेराव्यानंतर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन येलहंक्याला गेलो, अनुषाला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"अप्पा आले की इथंच उभे राहायचे, काका," ती म्हणाली. "असा हात टेकून. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत."

भोकांभोवतीचा हिरवा रंग तळहाताएवढा झिजला होता.

पाटी भोकांवर बरोबर बसली. झिजलेला रंग मात्र तिच्या चारी बाजूंनी दिसतच राहिला.