सातव्या गाण्याच्या आधी

"चुकलं" हा शब्द मी दिवसातून निदान चाळीस वेळा म्हणते. माझं कामच ते आहे. मी छापखान्यात प्रुफं तपासते आणि सगळं बरोबर झालं की खाली 'छापा' असं लिहून देते. लेखकाच्या, संपादकाच्या आणि देवाच्याही नजरेतून सुटलेली वेलांटी पकडणारी बाई म्हणजे मी. तीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे तो शब्द तोंडातून कधी निसटतो ते माझं मलाही कळत नाही. दुकानाच्या पाटीकडे बघून निसटतो, आमंत्रणपत्रिका हातात आली की निसटतो. एरवी लोक हसतात आणि सोडून देतात. या वेळी निसटला तेव्हा पाच माइक चालू होते.

माझा धाकटा भाऊ गाणी लिहितो आणि स्वतःच गातो. घरात त्याचं नाव भोंगा. पाळण्यात असताना रडायला लागला की शेजारचे कामावर जायला उठायचे, म्हणून. आता मोठमोठी माणसं त्याच्याशी अदबीने बोलतात, पण माझ्यासाठी तो भोंगाच. जुन्या लोकगीतांच्या चाली घ्यायच्या आणि त्यांत आपल्या घरातली, गल्लीतली माणसं बसवायची, ही त्याची रीत. साथीला एक गिटार, बस्स. आजवर त्याच्या सहा रेकॉर्डी निघाल्या, सगळ्या स्टुडिओतल्या. मला विचाराल तर सगळ्या इस्त्री केलेल्या. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. नाकाला मिरच्या झोंबल्या त्याच्या, पण मनावर घेतलंन. सातवी रेकॉर्ड लोकांसमोर, एका बैठकीत करायची, जे होईल ते ठेवायचं, दुसऱ्यांदा काही घ्यायचं नाही, असं त्याने ठरवलं.

जागा म्हणजे वाचनालयातली खालची मोठी खोली. टेबलं भिंतीला लावली, सव्वाशे खुर्च्या मांडल्या. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखे बंद. रेकॉर्डिंग करणारी बाई पुस्तकांच्या कपाटाआड कानांवर हेडफोन चढवून बसलेली. रविवारचे दुपारचे चार वाजले होते, सगळे घामाघूम, आणि तरी कुणी हलत नव्हतं. मी पहिल्या रांगेत. नेहमीचीच जागा माझी.

सहा गाणी झाली. भोंगा रंगात होता. दोन गाण्यांच्या मधे तो गप्पा मारतो, आणि खरं तर निम्मे लोक त्यासाठीच येतात. सातवं गाणं त्याचं सगळ्यात गाजलेलं. सुरुवात अशी आहे:

*तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी,*
*तिच्यासाठीच गायलो सारी गाणी मी.*

ती खुर्ची आमच्या बाबांची. भोंगा अठरा वर्षांचा असताना वसतिगृहात राहायचा. कॉलेजात त्याचा पहिला कार्यक्रम होता. त्याने बाबांसाठी तिसऱ्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आणि बाबा आले नाहीत. हे गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय. दर वेळी शेवटपर्यंत ऐकते आणि टाळ्या वाजवते. त्या दिवशी मात्र त्याने तारा जुळवता जुळवता एक नवीनच विनोद केला. म्हणाला, "आमचे बाबा पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे. सगळ्या गावाला पाणी दिलं. डोळ्यांत मात्र थेंब सापडायचा नाही."

लोक हसले. सव्वाशे माणसं माझ्या बाबांना हसली. गाणं मी एवढी वर्षं सहन केलं होतं, तो हशा मला सहन झाला नाही.

"चुकलं," मी म्हणाले.

का म्हणाले ते आता सांगते. भोंग्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा मी वीस वर्षांची होते. आई नव्हती. घरी बाबा आणि मी. त्याचा फोन मीच घेतला: "ताई, एकोणीस तारीख, संध्याकाळी सहा. बाबांना सांग. यायलाच हवं म्हणावं." बाबा ड्यूटीवर होते, आणि मला फोन आला त्याच दिवशी परीक्षेसाठी मावशीकडे जायचं होतं. म्हणून मी चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातली. आता, आपला नऊचा आकडा कसा असतो? एकाला मधे आणखी एक वळसा दिला की नऊ होतो. घाईत तो वळसा माझ्या हातून राहून जायचा, शाळेत छड्या खाल्ल्यात मी त्यासाठी. एकोणीसचे अकरा झाले.

बाबा अकरा तारखेला गेले. पंपावरच्या जोडीदाराशी पाळी बदलून घेतली, कोट घातला, दोन तास बसने गेले. सभागृहाला कुलूप. पहारेकऱ्याने सांगितलं, आज काही नाही. बाबांना वाटलं कार्यक्रम रद्द झाला, पोराला वाईट वाटत असेल, आपण विषय काढायला नको. तसेच परत आले. आणि जोडीदाराची फेडायची पाळी त्यांनी नेमकी एकोणीस तारखेला केली.

मी वीस तारखेला घरी आले. संध्याकाळी भोंग्याचा फोन. बाबांनी उचलला. तिकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. बाबांनी खिसा चाचपला, मग म्हणाले, "जमलं नाही रे." आणि फोन ठेवला.

"का गेला नाहीत?" मी चिडून विचारलं. कसला तोरा होता माझा तेव्हा.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. "गेलो होतो की, अकराला." मी चिठ्ठी बघितली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझं उलटंच झालं, मस्तकातलं सगळं तळपायात उतरलं. बाबा म्हणाले, "त्याला सांगू नकोस. तुझ्यावर चिडेल. माझ्यावर चिडला तर चालतं, मी बाप आहे." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर गाणं आलं, गाजलं, बाबा सगळ्यांच्या तोंडी 'न आलेला बाप' झाले आणि मी मूग गिळून बसले. भोंग्याने त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. घरी आला की दोघं हवापाण्याबद्दल बोलायचे. अशी एकतीस वर्षं गेली.

तर "चुकलं" असं मी म्हणाले आणि लोक पुन्हा हसले. माझी खोड ओळखणारे बरेच होते तिथे. भोंगाही हसला. "घ्या, आमच्या ताईने प्रूफ तपासलं. काय चुकलं ताई? कुठला शब्द?"

"शब्द नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं."

आणि मग सगळं सांगितलं. पाच-सहा वाक्यांत. बाबा आले होते. आठ दिवस आधी, अकरा तारखेला आले होते, कुलूप बघून आणि पहारेकऱ्याला विचारून परत गेले होते. तारीख मी लिहून दिली होती, नऊ चुकला होता. हे त्यांनी मला सांगू दिलं नाही आणि मलाही तेच सोयीचं होतं. एवढं बोलले आणि खाली बसले. मी उभी कधी राहिले होते तेही मला आठवत नाही.

भोंग्याने गिटारची एक तार उगाच पिळली. मान खाली घालून गिटारकडे बघत राहिला. मग त्याने गाणं म्हटलं. एकही शब्द बदलला नाही. तीच चाल, तीच खुर्ची, तीच तिसरी रांग. संपल्यावर टाळ्या आल्या नाहीत. आल्या त्या फार वेळाने.

कार्यक्रमानंतर तो मला न भेटता गेला. तीन आठवडे फोन नाही. मीही केला नाही, काय तोंडाने करणार? मग एके दिवशी दुपारी छापखान्यात त्याचा फोन आला. "स्टुडिओत ये," एवढंच म्हणाला.

गेले. खोलीत तो आणि रेकॉर्डिंगवाली बाई. तिने दोन प्रती तयार ठेवल्या होत्या. पहिली कापलेली. सहाव्या गाण्याच्या टाळ्या विरतात आणि थेट सातव्याची गिटार सुरू होते. सफाई अशी की मलासुद्धा जोड सापडला नाही, आणि माझी नजर तर तुम्हाला माहीत आहे. पण गाणं संपल्यावर ती लांबलचक शांतता तशीच होती, आणि आता ऐकताना वाटत होतं की लोकांना गाणं आवडलंच नाही. पुढच्या पाच गाण्यांत लोक आपणहून गायला लागलेत, कुणीतरी बाई बेसूर आहे, एक म्हातारा अर्धी ओळ पुढे पळतोय, पण ते सगळे एकाएकी का गायला लागलेत याचा पत्ता लागत नव्हता.

दुसरी प्रत न कापलेली. माझा आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिरका, रागावलेला, मधेच अडकणारा. पण त्यानंतरची शांतता मी घड्याळ लावून मोजली. चौदा सेकंद. खुर्ची करकरते, कुणीतरी नाक ओढतं, भोंगा गिटारची एक तार उगाच पिळतो. मग गाणं. ते गाणं मला पाठ होतं आणि तरी मी ते पहिल्यांदा ऐकत होते. आणि पुढे लोक गायला लागतात तेव्हा वाटतं, बरोबर आहे, आता कोण गप्प बसेल?

"बावीस वर्षं हे काम करतेय," रेकॉर्डिंगवाली म्हणाली, "अशी रेकॉर्ड हाताला लागली नाही. पण हे तुमच्या घरातलं आहे. मी काही बोलणार नाही." बोललीच होती, म्हणा.

भोंगा खिडकीशी उभा होता. "एकतीस वर्षं, ताई."

"हो."

"मी बापाला गावभर बदनाम करत फिरलो आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास."

"हो."

"हो काय हो? काहीतरी बोल ना."

"माझं चुकलं."

"ते आहे टेपवर," तो म्हणाला. बाईला हसू आवरेना. मग त्यालाही आलं, पण डोळे भरलेले होते. "ऐक. कापलेली प्रत मी काढणार नाही, ती मेलेली आहे. न कापलेली काढायची तर बाबांना विचारून. शब्द त्यांना दिला होतास, तो तू मोडलास. ते नको म्हणाले तर ही रेकॉर्ड निघणार नाही. आणि विचारायला तू माझ्याबरोबर येणार आहेस, एकट्याने माझं धाडस होत नाही."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही बाबांकडे गेलो. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन खोल्यांत एकटे राहतात आणि शेजाऱ्यांचे गळके नळ दुरुस्त करून देतात. तेव्हाही टेबलावर वर्तमानपत्र पसरून कुणाचा तरी नळ खोलून बसले होते. आम्ही दोघं एकदम दारात बघून म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही बाबा. काहीतरी ऐकवायचंय," मी म्हणाले.

त्यांना डाव्या कानाने कमी येतं, म्हणून स्पीकर उजवीकडे ठेवला. भोंग्याने सातव्या गाण्याच्या आधीपासून लावलं. त्याचा तो विनोद आला, गावाला पाणी दिलं, डोळ्यांत थेंब नाही.  आणि बाबा हसले. चांगले खांदे हलवून हसले. "हे बरं जमलंय," म्हणाले. भोंग्याचा चेहरा बघवत नव्हता.

मग माझा आवाज आला. बाबांचं हसू थांबलं. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. अकरा तारीख आली, कुलूप आलं, पहारेकरी आला. ते माझ्याकडे बघत नव्हते, स्पीकरकडे बघत होते. शांतता आली, ती त्यांनी पूर्ण ऐकली. गाणं सुरू झालं तेव्हा मला दिसलं की त्यांचे ओठ हलतायत. त्यांना शब्द पाठ होते. एकही चुकला नाही.

गाणं संपलं. भोंग्याने बंद केलं. 

"मी शब्द मोडला," मी म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर हे कुणी ऐकणार नाही."

बाबांनी हात हलवला, जाऊ दे अशा अर्थाने. पण भोंग्याला राहवेना. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसला. "बाबा, तुम्ही का बोलला नाहीत? एका वाक्याचं काम होतं."

"आधी हिच्यासाठी," बाबा म्हणाले. "पोरगी रडून रडून जीव द्यायला निघाली असती."

"आणि नंतर? ही काही जन्मभर वीस वर्षांची नव्हती. मी तुम्हाला एकदाही बोलावलं नाही, तरी तुम्ही गप्प?"

"नंतर तू ते गाणं केलंस ना."

"मग?"

"पंपघरात रेडिओ होता. तिथे लागायचं. जोडीदार म्हणायचे, अरे, हा तुझा मुलगा ना?" बाबांनी नळाची चकती उचलली, बोटांत फिरवली. "फार चांगलं गाणं आहे रे ते. मी आलो होतो असं सांगितलं असतं तर तू ते गायला असतास का?"

 भोंग्याने बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि पन्नाशीला आलेला माणूस लहानपणी रडायचा तसा रडला, शेजारच्यांना ऐकू जाईल असा. मीही रडत होते. बाबा एका हाताने त्याच्या डोक्यावर थोपटत होते. दुसऱ्या हातातली चकती त्यांनी खाली ठेवली नव्हती.

"मग आता," जरा वेळाने ते मला म्हणाले, "छापा."