टाचण्यांसकट

सुट्टी चार दिवसांची होती आणि रस्सा अकरा माणसांचा.

त्याचं असं झालं, घर बदलायला दोनच आठवडे उरले होते, म्हणून नणंद तिच्या सगळ्या गोतावळ्यासह बांधाबांधीला येणार होती. ती, तिचा नवरा, तिची सासू आणि चार मुलं. मी आदल्या दिवशी माळ्यावरचं मोठं पातेलं काढून कोंबडीचा रस्सा केला, परातभर भात केला, दोन केक केले आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "झालं बाई एकदाचं." म्हणजे म्हणायला गेले. घशातून नुसती हवा आली.

दोष द्यायचाच तर तो एका गिऱ्हाइकाला. मी घरी कपडे दुरुस्त करून देते. उसवणं, आत घेणं, सैल करणं, उंची कमी करणं. त्या आठवड्यात एका गृहस्थांच्या पॅन्टची उंची मी खाली बसून टाचण्यांनी धरत होते, तर ते माझ्या डोक्यावर तीनदा शिंकले. "सॉरी हं," असं म्हणून चौथ्यांदा शिंकले. सुट्टीच्या पहिल्या सकाळी आमच्या घरातली चारही माणसं आडवी होती.

नणंदेचा फोन सासूबाईंनी घेतला. "येऊ नका," त्या म्हणाल्या. "इथे वॉर्ड झालाय."

सासूबाई तीस वर्षं नर्स होत्या. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण थर्मामीटर अजून नोकरीत आहे. स्वतःच्या अंगात शंभर ताप असताना त्यांनी वहीच्या पानावर चौघांचा तक्ता आखला, तो स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला आणि मला फर्मान सोडलं, "तीन दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने घसा जास्त बिघडतो."

"चला, घरात जरा शांतता," पांघरुणातून नवऱ्याचा आवाज आला.

"तुला एकशे दोन आहे म्हणून सोडून देतेय," सासूबाई म्हणाल्या.

मी काळ्या अस्तराचा एक उरलेला तुकडा घेतला आणि कापडावर खुणा करायच्या खडूने त्यावर लिहिलं, 'रस्सा गरम करा.' झटकलं की पुसलं जातं. पुढचे तीन दिवस ही माझी जीभ.

रस्सा गरम झाला, आम्ही खाल्ला. कोणालाच कसली चव लागत नव्हती, त्यामुळे तक्रारही नव्हती. अकरातून चार वजा झाले, तरी पातेलं होतं तेवढंच दिसत होतं.

आता नव्या घराचं सांगते. माझा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. सव्वीस वर्षं त्याने लोकांना वर-खाली नेलं आणि स्वतः घर घेतलं तिसऱ्या मजल्यावर, तेही बिनलिफ्टचं. कोणी हसलं की तो म्हणतो, "मिठाईवाला कुठे स्वतःची मिठाई खातो?" पण घर उजेडाचं आहे आणि आत्ताच्या तळमजल्याच्या घरापेक्षा त्याला एक खोली जास्त आहे. ती छोटी आहे, आठ फूट बाय सात, पण तिला पूर्वेची खिडकी आहे. सगळ्यांचा डोळा होता तो या खोलीवर.

मुलगी इमारतींचे नकाशे काढायला शिकते. तिने नव्या घराचा नकाशा काढला होता, एका फुटाला दोन इंच, चांगला चादरीएवढा. तो तिने बाहेरच्या खोलीतल्या माझ्या टेबलावर पसरला आणि नाक पुसत म्हणाली, "आई, आडवं पडून कंटाळा आला. आपण सामान लावू या. तू कात्री घे, आम्ही मापं सांगतो."

कात्रीचं काम मला आजारपणातही जमतं. जुन्या पुठ्ठ्यातून मी एकेक वस्तू कापत गेले. पांघरुणांतून मापं येत होती.

"कपाट, चार बाय दोन."

"फ्रीज, दोन बाय दोन."

"माझी आरामखुर्ची," सासूबाई म्हणाल्या. "आणि पाय पसरायची जागा धर. नाहीतर आरामखुर्चीतही मला साध्या खुर्चीसारखं ताठ बसवाल."

सव्वीस तुकडे झाले. मुलीने प्रत्येकावर नाव लिहिलं. नव्या स्वयंपाकघरासाठी चौघांचं गोल जेवणाचं टेबल घ्यायचं ठरलं होतं, त्याचाही एक छानसा वाटोळा तुकडा कापला. मग दिवसभर येता-जाता, कोणी काढ्याचा कप घेऊन, कोणी कुशीत गरम पाण्याची पिशवी धरून, सामान सरकवत राहिलं. पलंग खिडकीखाली गेला, परत आला. कपाटाने तीन खोल्या फिरून पाहिल्या. एका शिंकेसरशी पूर्ण बैठकीची खोली न्हाणीघरात गेली.

छोट्या खोलीवरून मात्र जुंपली. मुलीला तिथे तिचा नकाशांचा बोर्ड हवा होता. नवऱ्याला हत्यारं. सासूबाईंचं म्हणणं, त्यांच्या दोन पेट्या आणि पाहुण्यांची गादी, यासाठीच तर ती खोली बांधलेली आहे.

मी गप्प. तसंही मला बोलायची मनाई होती.

मला ती खोली हवी होती, आणि कशासाठी हेही सांगते. माझं कापायचं टेबल सहा फूट बाय तीन. एक शाळा बंद पडली, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेतून आम्ही ते आणलं, तळमजला म्हणून खिडकीतून आत घेतलं. अठरा वर्षं मी त्यावर काम करते आणि अठरा वर्षं आम्ही त्यावरच जेवतो. म्हणजे दिवसातून तीनदा मी टाचण्या लावलेलं काम अलगद उचलून पलंगावर नेते, टेबल पुसते, ताटं मांडते, ताटं उचलते, पुन्हा पुसते आणि काम परत आणते. दर वेळी दोन-चार टाचण्या निसटतात. दर वेळी पलंगावर कोणाला तरी त्या सापडतात, हाताने नव्हे. नवऱ्याने तर एकदा भर मध्यरात्री उठून मला विचारलं होतं की विम्यात हे बसतं का. माझी इच्छा साधीच होती. लावलेलं काम लावलेलं राहावं. सकाळी उठून पाहावं तर कोट जिथे ठेवला तिथे, टाचण्यांसकट.

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ यायची ती नेमकी जेवायच्या वेळी, आणि तेव्हा मी टेबल पुसत असायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उरलेला भात कांद्यात परतून आणला. कढई ठेवायला नकाशाचा कोपरा दुमडला, खाली लाकूड दिसलं, आणि माझा हात तिथेच थांबला. सव्वीस तुकड्यांत हे टेबल नव्हतं.

मी एकेक तुकडा उलटून पाहिला. चपलांचं कपाट होतं. इस्त्रीचं स्टँड होतं. मुलीची न वापरलेली व्यायामाची सायकल होती. टेबल नव्हतं. आणि राग तरी कोणावर काढणार? कापले होते मीच. दोन दिवस सगळे ज्याच्यावर रेलून घर लावत होतो, ते नकाशाखाली झाकलेलं, कोणाला दिसलंच नाही. मलाही नाही.

खडू हाताशी होता, तेव्हाच लिहून मोकळं व्हायला हवं होतं. पण मी पडले हट्टी. म्हटलं, बघू या कोणाच्या लक्षात येतंय का. मूग गिळून भात वाढला.

नवरा सारखा टेबलाकडे बघतोय असं मला एक-दोनदा वाटलं. पण एकशे एक ताप असलेला माणूस कुठेही बघतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यावर सगळे शंभराच्या खाली आले. रस्सा आता पातेल्यातून पातेलीत आला होता. सामान नेणाऱ्यांनी संध्याकाळपर्यंत यादी मागितली होती, म्हणून मुलीने शेवटची बैठक बोलावली. छोट्या खोलीचा तह झाला. खिडकीशी बोर्ड, दारामागे हत्यारं, मधोमध पेट्या, पेट्यांवर गादी. पाय ठेवायला जागा उरली नव्हती, पण तह झाला होता.

"मग फायनल ना?" मुलीने फोटो काढायला मोबाइल उचलला. "बाबा? आजी? आई?"

मी अस्तराचा तुकडा घेतला आणि लिहिलं, 'मी कुठे बसू?'

"अगं, कुठेही बस, सगळं घर तुझंच..." मुलगी बोलता बोलता थांबली. तिने नकाशाची कड उचलून खाली पाहिलं. "टेबल. आई, टेबलच विसरलो आपण. बाबा, तुम्हीपण विसरलात?"

नवऱ्याला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ चालली.

"विसरलेला नाही तो," सासूबाई म्हणाल्या. "हा खोकला आजारपणाचा नाही. शाळेत प्रगतिपुस्तक मिळालं की हाच यायचा."

मग तो पाणी प्यायला आणि पलंगाच्या काठावर बसला. "तीनदा मापून आलोय तो जिना," तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर वळण आहे. आडवं, उभं, तिरकं, सगळं करून बघितलं. हे टेबल वळत नाही. चार इंच कमी पडतात."

त्याने पेला खाली ठेवला.

"सुट्टीत सांगणार होतो. म्हटलं, ताई असेल, भाऊजी असतील, मुलं असतील, तू फार तोडून बोलणार नाहीस. मग ते आले नाहीत आणि तुझा आवाज गेला. आता ज्या माणसाला ओरडता येत नाही त्याला असली बातमी कशी द्यायची? भांडण एकतर्फी होतं."

"आणि टेबलाचा पुठ्ठा का नाही कापायला सांगितलास?" सासूबाईंनी विचारलं.

"ती ते नकाशात हौसेने ठेवणार, आणि मग मी काढून टाकायचं? माझ्याने नाही झालं."

मला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो माणूस माझं टेबल चार इंचांसाठी तीनदा मनातल्या मनात तीन मजले चढवून आला होता. लिफ्टवाल्याला स्वतःची हार कबूल करावी लागत होती, आणि तीही जिन्यापुढे.

मी पुठ्ठा ओढला आणि सहा बाय तीनचा तुकडा कापला. बरोबर मापात, नुसत्या नजरेने. मुलीने त्यावर 'आईचं टेबल' लिहिलं. मी तो समोर धरून थोडा वेळ पाहिला. मोठा कोट लहान करायचा असेल तर मी काय करते? शिवण उसवते. मी कात्री घेतली आणि टेबल बरोबर मधून कापलं. तीन बाय तीनचे दोन तुकडे.

नवरा बघतच राहिला. "खरंखुरं कापायचं?"

मी लिहिलं, 'इथे उसवा. वर जोडा.'

तो टॉर्च घेऊन, पांघरुणासकट, टेबलाखाली शिरला. फक्त मोजे बाहेर. खालून ठोकल्याचे आवाज आले, एक शिंक आली, मग कामावरचा आवाज आला, जो मी तीन दिवसांत ऐकला नव्हता. "पाय बोल्टांवर आहेत. ते निघतील. मधे दोन पाय जास्त लावावे लागतील. खालून लोखंडी पट्टी मारतो, हलणार नाही." मग जरा थांबून, "पण जोड दिसेल हं वरून."

'दिसू दे,' मी लिहिलं, आणि कापड टेबलाखाली धरलं.

मग मी उठले. छोट्या खोलीतून बोर्ड उचलला, हत्यारं उचलली, गादी उचलली आणि खिडकीखाली दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवले.

"आई, माझा बोर्ड," मुलगी म्हणाली.

'तुझ्या खोलीत. सायकल विक.'

"आणि माझ्या पेट्या?" सासूबाईंनी चष्मा पुसला. मी पेट्यांचे दोन तुकडे टेबलाखाली सरकवले. त्यांनी वाकून नीट पाहिलं. "हं. तिथे बऱ्या आहेत. हिच्या पायांना टेकायलाही होतील." सासूबाईंची मंजुरी एवढ्या शब्दांत क्वचितच मिळते.

हत्यारं गॅलरीत गेली. टेबलाखालून बाहेर आलेल्या माणसाने त्याला हरकत घेतली नाही.

कापड भरलं होतं. मी ते झटकलं आणि शेवटचं लिहिलं, 'तिथे कोणीही जेवायचं नाही.'

मुलीने नकाशाचा फोटो काढला. त्यात ते कापडही आलं, आणि तो यादीसह सामानवाल्यांना तसाच गेला. त्यांचं उत्तर आलं, 'ठीक आहे, आमचे लोक डबे खाली बसून खातात.'

चौथ्या दिवशी दुपारी नकाशा गुंडाळला गेला. टेबल मोकळं झालं, म्हणून मी करड्या कोटाचं काम काढलं. बाही आत घ्यायची होती. अर्धी टाचून होते न होते तोच मुलगी ताटं घेऊन आली. सवयीने तिने कोटाला हात घातला, आणि मग हात मागे घेतला.

"आज पलंगावर बसू या का सगळे?" ती म्हणाली.

आम्ही टेबलाशेजारच्या पलंगावर मांडीवर ताटं घेऊन बसलो. पातेलीतला शेवटचा रस्सा चौघांत पुरला. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे भयंकर खारट आहे."

मुलीने चमचा जिभेला लावला. "अरे देवा. खरंच."

"चव आली म्हणजे," सासूबाई म्हणाल्या आणि उठून तक्त्यावर खूण केली. "तीन दिवस दोनदा दोनदा मागून घेतलास, तेव्हा काय झालं होतं?" मग माझ्याकडे वळून, "तूही बोल आता. मुदत संपली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीन दिवसांनी बोलायचं म्हणजे काहीतरी मोलाचं बोलावं, असं वाटलं. पण मोलाचं होतं ते सगळं लिहून झालं होतं.

"पाणी घाला त्यात," मी म्हणाले. दाराची बिजागरी बोलावी तसा आवाज आला. आणि लगेच, "कोण बसलंय कोटाच्या बाजूला, जरा सरका."

सासूबाईंनी पाण्याचा पेला सवयीने टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेला उचलून हातात धरून बसल्या.