वहिनीचा अ‍ॅम्प
गिटारचा आवाज मोठा करणारा तिसरा अ‍ॅम्प परत आलेला पाहून दुकानदाराचं तोंड कडू झालं.

"ताई, आता ह्यात काय खोट निघाली?"

"खोट काही नाही हो. पण बँडमध्ये माझी गिटार ऐकूच येत नाही."

"अहो, शंभर वॉटचा आहे. गल्ली हादरेल!"

"गल्ली हादरते. गिटार ऐकू येत नाही."

बँडमधले सगळे तिला वहिनी म्हणत. सगळे म्हणजे दोघंच: ड्रम वाजवणारा तिचा धाकटा दीर आणि बेस गिटारवरचा त्याचा मित्र गप्प्या, जो क्वचितच तोंड उघडायचा. तिघं हेवी मेटल, म्हणजे कान फाडणारं रॉक, वाजवायचे. दिवसा वहिनी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची.

तिला हवा असलेला आवाज डोक्यात पक्का होता. खोल, काळाकुट्ट, छातीत धक्का देणारा. घरी एकटीने वाजवताना तो मिळायचाही. नवरा दार लावून घ्यायचा. पण सरावाच्या तळघरात दिराने ड्रम सुरू केले, की तिची गिटार गडप. मग ती आवाज वाढवायची, दीर आणखी जोरात बडवायचा, गप्प्याही मागे राहायचा नाही. शेवटी तिघांचे कान बधिर आणि डोकी तापलेली. अ‍ॅम्प बदलून झाले. दोन स्पीकरच्या कॅबिनेटऐवजी चार स्पीकरचं, कपाटाएवढं धूड आणून झालं. काही उपयोग नाही.

"मी काय तिथे नुसते हात हलवायला उभी असते?" ती घरी चिडून म्हणाली होती. नवऱ्याने शहाणपणाने चहा टाकला होता.

आज मात्र ती दिराला आणि गप्प्याला घेऊनच दुकानात आली होती. "तुमचे ड्रम मांडलेलेच आहेत. आम्ही तिघं मिळून वाजवतो. तेव्हाच ठरवते."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "थोडाच वेळ हं. शेजारचा दंतवैद्य आधीच माझ्या नावाने खडे फोडतो."

एकामागून एक अ‍ॅम्प जोडले गेले. "हा बरा की मगाचा?" दीर दर वेळी विचारायचा. हाच प्रश्न ती गिऱ्हाइकांना भिंगं बदलताना दिवसभर विचारायची. तो इतका डोक्यात जातो, हे तिला आज कळलं.

"दोन्ही सारखेच भिकार!" ती खेकसली.

शेवटी दुकानदाराने वैतागून कोपऱ्यातलं दोन स्पीकरचं जुनं कॅबिनेट ओढलं, त्यावरचे तारांचे खोके उतरवले आणि एक लहानसा अ‍ॅम्प जोडला. वहिनीने एक सूर छेडला. नाक चोंदलेल्या माणसासारखा आवाज आला.

"शी! हा नको."

"एकदा वाजव तर," दीर म्हणाला आणि त्याने सुरुवातही केली.

ती नाइलाजाने वाजवू लागली. आणि ड्रमच्या गदारोळातून तिची एकेक तार सुटी सुटी ऐकू येऊ लागली. गप्प्या वाजवायचा थांबला.

"वहिनी, तू ह्या गाण्यात हे वाजवतेस होय?"

"म्हणजे इतके दिवस तुला काय ऐकू येत होतं?"

"गुंऽऽऽ," गप्प्या म्हणाला.

दीर हसून लोळायचा बाकी होता. वहिनीला हसू आलं नाही. तिने दोघांना पुन्हा वाजवायला लावलं. तिने अ‍ॅम्पवरचं बेसचं, म्हणजे खालच्या सुरांचं, बटण फिरवून तिचा लाडका खोल आवाज आणला, तशी गिटार बुडाली. बटण मागे घेतलं. गिटार वर आली. पुन्हा करून पाहिलं. तेच.

"खालच्या सुरांत मी असतो," गप्प्या ओशाळून म्हणाला. "आणि ह्याच्या पायाचा ड्रम. तिथे तिसऱ्याला जागाच नाही गं."

"जागा नाही! माझ्याच बँडमध्ये!" ती फणकारली. दुसरा इलाज नव्हता. ते जुनं कॅबिनेट आणि तो अ‍ॅम्प घेऊन ती घरी आली.

पुढच्या कार्यक्रमात लोक तिच्या गिटारबरोबर माना हलवत होते. एका कोपऱ्यातून कुणीतरी तिची धून तोंडाने म्हणत होतं. वहिनी वाजवत होती, एकही सूर न चुकता, पण छातीत काहीच धडकत नव्हतं.

"सगळं स्वच्छ ऐकू आलं, वहिनी! झकास!" नंतर दीर घामेघूम होऊन ओरडला.

"मला नाही आवडला हा आवाज," ती केबल गुंडाळत म्हणाली.

"मग परत करायचा?"

"नाही रे बाबा. ठेवायचा. पण आवडला म्हण, असं मला सांगू नकोस."